पेढ्यांवरील पहारा

धान्य घेतांना गृहिणी दाणा दाताखालीं चावून पाहते, सोनें घेतांना सराफ तें कसोटीवर घासून दाखवितो, घर घेतांना भिंतीला ओल आहे कीं नाहीं हें डोळ्यांना दिसतें. परंतु ज्या बँकेंत आयुष्याची पुंजी ठेवावयाची, तिचा भक्कमपणा पारखण्याचें असें कोणतेंही साधन सामान्य ठेवीदाराच्या हातीं नसतें. इमारत दगडी असते, कारकून अदबीनें बोलतो, पासबुकावरील आंकडा स्वच्छ असतो. आणि एवढ्यावरच मनुष्य निर्धास्त होतो. त्याच्या या विश्वासावर पहारा कोणी ठेवावा आणि तो कसा ठेवावा, या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आपल्या देशाचीं जवळजवळ शंभर वर्षें गेलीं. तें उत्तर कोणा पंडिताच्या ग्रंथांतून आयतें मिळालें नाहीं. एकेका बँकेच्या दिवाळ्यांतून तें थोडें थोडें हातीं आलें.

बँकेचा व्यवहार मुळांतच नाजूक आहे. ठेवीदार मागेल तेव्हां पैसे परत करण्याचें वचन ती देते, आणि तोच पैसा व्यापाऱ्याला किंवा कारखानदाराला कांहीं मुदतीनें कर्जाऊ देते. तिजोरींत रोख शिल्लक राहते ती ठेवींच्या मानानें थोडी. रोज कांहीं लोक पैसे काढतात, कांहीं भरतात, आणि गाडें सुरळीत चालतें. सगळेच ठेवीदार एके दिवशीं दाराशीं आले, तर अत्यंत सचोटीनें चाललेल्या बँकेलाही दार लावून घ्यावें लागेल. उलटपक्षीं, एखाद्या बँकेचीं निम्मीं कर्जें बुडालेलीं असलीं, तरी लोकांचा विश्वास कायम आहे तोंपर्यंत ती वर्षानुवर्षें उघडी राहूं शकते. पहिलीला रोकडीची तात्पुरती अडचण आहे. दुसरी आंतून पोखरलेली आहे. पहिलीला वेळेवर हात देणें हें कर्तव्य होय. दुसरीला मदत करणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. परंतु रस्त्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला दोन्हीं ठिकाणीं एकच देखावा दिसतो. बंद दार, आणि दारापुढें जमलेला जमाव. हा भेद ओळखावयाचा, तर बँकेच्या वह्या आंतून पाहिल्या पाहिजेत, आणि त्याही जमाव जमण्यापूर्वीं पाहिल्या पाहिजेत. मध्यवर्ती बँकेच्या पहाऱ्याचें सारें मर्म एवढेंच आहे.

या कथेचा पहिला अध्याय मुंबईंतच घडला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड, खानदेश व गुजराथ येथील कापसाला सोन्याचे दिवस आले. त्या चार-पांच वर्षांत मुंबईला झालेली जादा प्राप्ति सुमारें ८ कोटी पौंडांची होती, असें मानतात. एवढ्या पैशाला वाट पाहिजे होती. नव्या बँका निघाल्या, पैसा गुंतविणाऱ्या संस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबेच्या भरणी कंपनीचे शेअर मूळ किंमतीच्या अनेक पटींनीं विकले गेले. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते; विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आजही त्यांच्या मातोश्रींचें नांव मिरवितो.

बँक ऑफ बॉम्बे ही १८४० सालची प्रतिष्ठित संस्था. तिच्यांत सरकारचें भांडवल होतें आणि तिच्या मंडळावर सरकारनियुक्त डायरेक्टरही बसत. १८६३ च्या नव्या कायद्यानें तिच्यावरील जुनीं बंधनें सैल झालीं, आणि शेअरांच्या तारणावर तिनें सढळ हातानें कर्जें दिलीं. एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेंतील युद्ध संपुष्टांत आलें व कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशीं कालचे लक्षाधीश एकमेकांचे देणेकरी म्हणून उघडे पडले. बँक ऑफ बॉम्बे आणखी कांहीं काळ तग धरून राहिली, पण १८६८ सालीं तीही मोडीत निघाली. मग चौकशी कमिशन बसलें. बंधनें सैल करणारा कायदा, सेक्रेटऱ्यांनीं केलेला अधिकाराचा दुरुपयोग आणि डायरेक्टरांची हयगय हीं कारणें त्यानें नमूद केलीं. निदान अचूक होतें. मात्र तें रोगी दगावल्यानंतरचें होतें. सरकारचीं माणसें मंडळावर बसत असूनही वेळेवर कोणी बोललें नाहीं, यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. घरांतला माणूस पहारेकरी होऊं शकत नाहीं. पहारा बाहेरच्यानेंच केला पाहिजे.

याच सुमारास लंडनलाही हादरा बसला होता. मे १८६६ मध्यें ओव्हरएंड गर्नी ही हुंड्यांचा व्यवहार करणारी बलाढ्य पेढी बुडाली आणि शहरभर घबराट पसरली. पुढें वॉल्टर बॅजट यानें १८७३ मध्यें आपला 'लोंबार्ड स्ट्रीट' हा ग्रंथ प्रसिद्ध करून मध्यवर्ती बँकेचें कर्तव्य मांडलें. घबराटीच्या प्रसंगीं चांगल्या तारणावर, चढ्या व्याजानें, हात न आंखडतां कर्ज द्यावें, असें त्याचें सूत्र होतें. या सूत्रांत 'चांगल्या तारणावर' हे शब्द सर्वांत अवघड आहेत. कारण तारण चांगलें कीं वाईट हें घबराटीच्या दिवशीं ठरवावयाचें, तर त्याची माहिती आधींपासून हवी. १८९० सालीं बेअरिंग पेढी अर्जेंटिनाच्या कर्जांत अडकली, तेव्हां बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर लिडरडेल यानें प्रथम पेढीच्या हिशेबांची तपासणी करविली. वेळ दिला तर पेढी आपलें देणें फेडूं शकेल, अशी खात्री झाल्यावर त्यानें गाजावाजा न करतां इतर बँकांकडून हमी गोळा केली. हा हमीचा निधि पुढें १ कोटी ७० लक्ष पौंडांवर गेला. ही गोष्ट लोकांना कळली तेव्हां संकटाबरोबर उपायही कळला, आणि म्हणून बाजार शांत राहिला.

हिंदुस्थानांत मात्र असा कोणी लिडरडेल नव्हता. १९०६ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेंत देशी लोकांनीं बँका काढल्या. बँक ऑफ इंडिया, बँक ऑफ बरोडा, सोराबजी पोचखानावाला यांची सेंट्रल बँक या त्याच काळांतल्या. त्यांच्याबरोबर केवळ नांवानें मोठ्या असलेल्या संस्थाही उगवल्या. अधिकृत भांडवलाचा भला मोठा आंकडा पाटीवर लिहावा आणि प्रत्यक्ष वसूल भांडवल त्याच्या अंशानेंही नसावें, हा प्रकार सर्रास चाले. १९१३ मध्यें बुडालेल्या १२ बँकांचें अधिकृत भांडवल २ कोटी ७४ लाखांचें असतां वसूल झालेलें भांडवल अवघें ३५ लाखांच्या घरांत होतें, यावरून काय तें समजावें. अर्थशास्त्रज्ञ केन्स यानें त्याच वर्षीं प्रसिद्ध केलेल्या हिंदी चलनावरील ग्रंथांत या बँकांची रोख शिल्लक अपुरी असून वाईट दिवस येतांच त्या कोसळतील, असा इशारा दिला होता. तो वाचून कोणी कांहीं करावें, अशी सत्ताच कोणाकडे नव्हती.

सप्टेंबर १९१३ मध्यें लाला हरकिसनलाल यांची लाहोरची पीपल्स बँक बंद पडली. तिचा पुष्कळसा पैसा कारखान्यांत अडकला होता. त्या बातमीची झळ मुंबईला लागली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं इंडियन स्पीसी बँक बुडाली. तिचे चालक चुनीलाल सरैया यांनीं बँकेचा पैसा चांदीच्या सट्ट्यांत घातला होता, आणि ताळेबंदांवरून भागीदारांना त्याचा सुगावाही लागला नव्हता. १९१४ सालीं ४२ बँका बुडाल्या. १९१३ ते १९१७ या पांच वर्षांत एकंदर ८७. ज्या बँका सचोटीच्या होत्या त्यांच्याही दारांत लोक पैसे मागावयास उभे राहिले, कारण खरी कोणती आणि खोटी कोणती हें सांगणारा कोणी नव्हता. पेन्शनरांची, विधवांची आणि लहान दुकानदारांची शिल्लक त्या वर्षांत गेली. आणि देशी बँकेवरील विश्वास गेला तो भरून यावयास पुष्कळ काळ लागला.

१९२१ सालीं तिन्हीं इलाख्यांच्या बँका एकत्र करून इंपीरियल बँक स्थापन झाली. १९२३ सालीं अलायन्स बँक ऑफ सिमला बुडाली, तेव्हां सरकारच्या सांगण्यावरून तिनें ठेवीदारांना त्यांच्या रकमेचा अर्धा भाग देण्याची व्यवस्था केली. परंतु इंपीरियल बँक स्वतःच इतर बँकांची प्रतिस्पर्धी होती. आपल्या वह्या प्रतिस्पर्ध्याला कोण दाखवील? ही अडचण ओळखून १९२६ च्या हिल्टन यंग कमिशननें स्वतंत्र मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि बऱ्याच वादविवादानंतर १ एप्रिल १९३५ रोजीं रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया सुरू झाली. ज्या बँकांचें वसूल भांडवल व गंगाजळी मिळून ५ लाख रुपयांवर होती, त्या तिच्या शेड्यूल्ड बँका. त्यांनीं मागणी-ठेवींच्या शेंकडा ५ व मुदती ठेवींच्या शेंकडा २ इतकी रक्कम रिझर्व्ह बँकेंत ठेवावी आणि दर आठवड्याला आपला तक्ता पाठवावा, असा नियम झाला. देशाच्या बँकांची नाडी प्रथमच कोणीतरी नियमानें पाहूं लागलें.

नाडी हातीं आली, पण पोट तपासण्याचा अधिकार आला नाहीं. ही उणीव तीन वर्षांतच दिसून आली. त्रावणकोर नॅशनल बँक आणि क्विलॉन बँक या दोन संस्थांचें १९३७ सालीं एकीकरण होऊन दक्षिणेंत एक मोठी बँक उभी राहिली होती. १९३८ च्या उन्हाळ्यांत तिच्याविषयीं कंड्या पिकल्या, शाखाशाखांतून ठेवीदार लोटले, आणि जूनमध्यें तिनें व्यवहार बंद केले. त्रावणकोरच्या राजकारणाचे धागेही या प्रकरणांत गुंतलेले होते. रिझर्व्ह बँकेनें हात कां दिला नाहीं, अशी सर्वत्र टीका झाली. कायद्यानें ठरविलेल्या तारणाशिवाय तिला कर्ज देतां येत नव्हतें, आणि कोणत्याही बँकेच्या वह्या स्वतःच्या अधिकारानें उघडून पाहण्याची मुभा तिला नव्हती. बँक अडचणींत आहे कीं आंतून बुडालेली आहे, हें ऐन गर्दीच्या वेळीं ठरविण्याचा तो प्रसंग होता. या अनुभवानंतर गव्हर्नर सर जेम्स टेलर यांनीं १९३९ सालीं बँकांसाठीं स्वतंत्र कायद्याची योजना सरकारला सादर केली.

मध्यें महायुद्ध आलें. चलन वाढलें, पैसा सुकाळ झाला आणि पावसाळ्यांतल्या छत्र्यांप्रमाणें बँका व शाखा उगवल्या. सर टेलर यांच्यामागून १९४३ सालीं चिंतामणराव देशमुख हे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकीर्दींत, १९४६ च्या वटहुकमानें, रिझर्व्ह बँकेला बँकांच्या तपासणीचा अधिकार मिळाला. आणि १६ मार्च १९४९ पासून बँकिंग कंपनी कायदा अंमलांत आला. परवान्यावांचून बँक चालवितां येणार नाहीं, डायरेक्टरांना विनातारण कर्ज देतां येणार नाहीं, ठेवींचा ठराविक हिस्सा रोख, सोनें किंवा सरकारी रोख्यांत ठेवलाच पाहिजे, आणि रिझर्व्ह बँकेचा तपासनीस केव्हांही दारांत उभा राहूं शकेल, हीं त्या कायद्याचीं मुख्य कलमें.

तपासनीस पाहतो तरी काय? बेरजा जुळतात कीं नाहीं हें हिशेबतपासनीसही पाहतो. रिझर्व्ह बँकेचा मनुष्य पाहतो तें निराळें. येणें म्हणून लिहिलेली रक्कम खरोखर येणार आहे काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. कित्येक वेळां कर्जदार व्याज देऊं शकत नाहीं, म्हणून बँक त्याला नवें कर्ज देते आणि त्यांतून तो जुनें व्याज भरतो. वहींत कर्ज जिवंत दिसतें, व्याज उत्पन्नांत जमा होतें, नफा दिसतो, डिव्हिडंडही वांटला जातो; आणि प्रत्यक्षांत एक पैही घरांत आलेली नसते. असें बुडित कर्ज वजा केल्यावर भांडवल किती उरतें, हाच बँकेच्या प्रकृतीचा खरा आंकडा. एकाच घराण्याला किंवा एकाच धंद्याला फार कर्ज दिलें आहे काय, इतरांपेक्षां जास्त व्याज देऊन ठेवी ओढण्याची पाळी कां आली, याही गोष्टी तो टिपून ठेवतो.

आतां पाहण्याचा अधिकार आला. पण पाहिल्यावर काय करावयाचें, हा त्याहून कठीण प्रश्न १९६० सालीं उभा राहिला. त्या वर्षीं प्रथम अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. मग ऑगस्टमध्यें रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केरळच्या हायकोर्टानें पलाई सेंट्रल बँक बंद करण्याच्या कामाला हात घातला. १९२७ साली स्थापन झालेली ती केरळांतील मोठी बँक होती. तिच्या प्रकृतींत बिघाड आहे हें पूर्वींच्या तपासण्यांत रिझर्व्ह बँकेला दिसून चुकलें होतें. सुधारणेसाठीं तिनें चालकांना वारंवार सूचना दिल्या, वेळ दिला, आणि बोभाटा टाळला. कारण मध्यवर्ती बँकेनें एखाद्या बँकेविषयीं जाहीर शंका घेतली, तर ती बँक त्याच आठवड्यांत बुडेल. परंतु या मौनाच्या काळांतही नवे ठेवीदार निर्धास्तपणें त्या बँकेंत पैसे भरीत होते.

यावर पार्लमेंटांत दोन्हीं बाजूंनीं टीका झाली. कोणी म्हणाले, एवढा उशीर कां? कोणी म्हणाले, चालती बँक मारली कां? दोन्हीं प्रश्नांत तथ्य होतें, आणि दोहोंचें एकदम समाधान करील असें उत्तर कोणत्याही मध्यवर्ती बँकेजवळ नसतें. केरळांतील इतर बँकांवरही गर्दी लोटली. रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून बँक बंद करण्याची तरतूद १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें वैध ठरविली. पण ज्या ठेवीदाराचे पैसे अडकले, त्याला या निर्णयाचें समाधान तें काय?

या पेंचांतून दोन वाटा निघाल्या. १९६० सालींच कायदा दुरुस्त होऊन, दुबळ्या बँकेचे व्यवहार कांहीं काळ थांबवून तिचें सशक्त बँकेंत विलीनीकरण करण्याची सोय झाली. १९५१ अखेर देशांत ५६६ बँका होत्या. १९६९ पर्यंत त्या शंभराच्या आंत आल्या. दुसरी वाट ठेवींच्या विम्याची. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचें संरक्षण मिळालें. आपली रक्कम सुरक्षित आहे हें ठाऊक असलेला मनुष्य अफवेबरोबर बँकेकडे धांवत नाहीं. त्यामुळें विमा हा ठेवीदाराला मिळालेला आधार आहे, तसाच तो पहारेकऱ्याला मिळालेला अवधिही आहे.

त्यानंतरच्या काळानें आणखी एक उणीव दाखविली. १९६९ सालीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें आणि दिवाळ्याची भीति ओसरली. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर रिझर्व्ह बँकेनें १९९४ सालीं देखरेखीसाठीं स्वतंत्र मंडळ नेमलें. परंतु सप्टेंबर २००८ मध्यें न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळली तेव्हां जगाला कळलें कीं, प्रत्येक बँक एकेकटी पाहून भागत नाहीं. बँका एकमेकांच्या ऋणको-धनको असतात. एकीची भिंत पडली कीं शेजारणीला तडा जातो. म्हणून रिझर्व्ह बँकेनें २००९ सालीं आर्थिक स्थैर्यासाठीं निराळा विभाग काढला, आणि मार्च २०१० पासून त्याचा अहवाल प्रसिद्ध होऊं लागला. तो वर्षांतून दोनदां निघतो. त्यांत बँकांची जणूं रंगीत तालीम घेतलेली असते. उत्पन्नवाढ मंदावली, व्याजाचे दर चढले, बुडित कर्जें अमुक टक्क्यांनीं वाढलीं, तर कोणाचें भांडवल अपुरें पडेल. आणि एक मोठी बँक पडली तर तिच्यामागून किती पडतील, याचा हिशेब संकट येण्यापूर्वींच मांडून पाहतात. चालकांच्या कानांत हलकेंच सांगणें आणि देशाला साऱ्या व्यवस्थेची प्रकृति उघडपणें कळविणें, या दोन कामांची अशी वांटणी झाली.

तरीही वहींतील आंकडा खरा कीं खोटा, हा १९१३ चा प्रश्न मिटलेला नाहीं. २०१५ सालीं रिझर्व्ह बँकेनें बँकांच्या कर्जांची कसून फेरतपासणी केली, तेव्हां जिवंत म्हणून दाखविलेलीं अनेक कर्जें मृतवत् निघालीं. मार्च २०१८ मध्यें बुडित खात्यांचें प्रमाण एकूण कर्जांच्या सुमारें ११ टक्क्यांवर गेलें. हीं कर्जें तेव्हां बिघडलीं नव्हतीं. तीं तेव्हां दिसलीं. आणि सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबईंतील पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एकाच उद्योगसमूहाला दिलेलें प्रचंड कर्ज हजारों बनावट खात्यांच्या आड दडविलें होतें, असें उघडकीस आलें. प्रत्येक ठेवीदाराला प्रथम फक्त १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. ज्या शहरांत १८६५ सालीं हा इतिहास सुरू झाला, तेथेंच दीडशें वर्षांनीं वृद्ध माणसें पासबुकें घेऊन बंद दारापुढें उभीं होतीं.

परंतु या वेळीं त्यांच्या पाठीशीं कांहीं होतें. २०२० च्या फेब्रुवारींत विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली. बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ सालीं झाली. आणि २०२२ च्या जानेवारींत ती बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाली. १८६८ च्या ठेवीदाराला चौकशी कमिशनचा अहवाल मिळाला होता. १९१४ च्या ठेवीदाराला तोही मिळाला नाहीं. ज्यांची पुंजी विम्याच्या मर्यादेहून मोठी होती, त्यांना मात्र याही वेळीं दीर्घ काळ वाट पाहावी लागली. पहारा पूर्वींपेक्षां पुष्कळ जागा आहे, तरी तपासनीसाला दिसतें तें वहींत लिहिलेलें. वहींत जें लिहिलेंच नाहीं, तें शोधून काढण्याची विद्या अजून पुरती साधलेली नाहीं. म्हणून शहाणा गृहस्थ अफवेमागें धांवत नाहीं, तसाच इतरांपेक्षां दोन टक्के अधिक व्याज देणाऱ्या पाटीलाही भुलत नाहीं. आणि सारी पुंजी एकाच पेढींत ठेवीत नाहीं.